४०७ ट्रेनिंग व्हिसाचं अपील: बऱ्याच महिन्यांचा अनुभव

ऑस्ट्रेलियाचा ४०७ व्हिसा नॉमिनेशनअभावी नाकारला गेला की उमेदवार आधी स्वतःचं अपील भरायला बसतो. घोळ तिथेच सुरू होतो.

या व्हिसाला तीन मंजुऱ्या लागतात: कंपनीला स्पॉन्सर म्हणून मान्यता, मग कंपनीने केलेलं नॉमिनेशन (म्हणजे या उमेदवाराला हे प्रशिक्षण देणार असा अर्ज), मग उमेदवाराचा व्हिसा. मायग्रेशन कायद्याच्या कलम ३३८ नुसार उमेदवाराचं अपील दाखल होताना एकतर नॉमिनेशन मंजूर हवं, नाहीतर स्पॉन्सरशिप किंवा नॉमिनेशन नाकारल्याविरुद्ध कंपनीचं अपील चालू हवं. यातलं काहीच नसेल, तर ट्रिब्युनलला (व्हिसाची अपिलं ऐकणाऱ्या लवादाला) केस ऐकण्याचा अधिकारच उरत नाही. कागदपत्रं कितीही भक्कम असोत.

मुदत २८ दिवसांची, आणि ट्रिब्युनल ती वाढवून देऊ शकत नाही. निर्णय ईमेलने आला तर त्याच दिवशी मिळाला असं धरतात, भले तो स्पॅममध्ये पडून राहो. खरा सापळा वेगळाच आहे. नॉमिनेशन आधी नाकारलं जातं आणि व्हिसा नंतर, त्यामुळे व्हिसाचं पत्र हाती येईपर्यंत कंपनीचे २८ दिवस संपलेले असू शकतात. म्हणून नॉमिनेशन नाकारल्याचं कळताक्षणी कंपनीकडून अपील भरून घ्या आणि त्याची पोच मागून घ्या. आपलं अपील त्यानंतर. एजंट ‘करू निवांत’ म्हणाला तर ऐकू नका.

फी दोन्ही अपिलांना वेगवेगळी, प्रत्येकी तीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. जिंकल्यास त्यातली अर्धी परत मिळते.

ट्रिब्युनलची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे नवा पुरावा चालतो. त्यामुळे सगळा जोर ट्रेनिंग प्लॅनवर लावा. ‘आठवडा १ ते १२: किचनमध्ये काम’ असं लिहिलं की ती नोकरीच दिसते, प्रशिक्षण नाही. त्याऐवजी ‘आठवडा ५ ते ८: स्टॉक आणि सॉस, शिकवणार हेड शेफ, आठवड्याला इतके तास, आठव्या आठवड्याला प्रत्यक्ष चाचणी’ असं हवं. उमेदवाराला आत्ता काय येतं आणि काय शिकायचंय, हा फरकही त्यात दिसला पाहिजे. या व्हिसाच्या कौशल्यवाढीच्या प्रकारात मागच्या २४ महिन्यांत १२ महिने पूर्णवेळ कामाइतका अनुभव लागतो. संबंधित शिक्षणही त्यात धरता येतं, तेव्हा पे-स्लिपसोबत मार्कशीट जोडा.

त्रासदायक काय, तर वाट पाहणं. महिनोन्‌महिने काही हलत नाही, आणि मग अचानक माहिती मागणारं पत्र येतं. त्याचं उत्तर मुदतीत गेलं नाही तर सुनावणीविनाच निकाल लागू शकतो. आठवड्यातून दोनदा इनबॉक्स तपासा.

जिंकलात तरी ट्रिब्युनल व्हिसा देत नाही, केस व्हिसा देणाऱ्या गृह खात्याकडे परत पाठवतं. तोवर ब्रिजिंग व्हिसा ए वर, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसावर, राहता येतं. पण त्यावर देश सोडला तर परत येता येत नाही, म्हणून गावी जाण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्या. हरलात, तर निकाल कळल्यापासून ३५ दिवसांनी ब्रिजिंग व्हिसा संपतो.