म्हापशातलं काजूचं दुकान: लोभ आहे, हाव नाही

म्हापशाच्या बाजारात काजूवाल्यांची कमी नाही आणि ‘अस्सल गोव्याचे’ ही पाटी जवळपास प्रत्येकाकडे. या दुकानात मात्र जो नंबर मागाल तोच मिळतो, आणि आजच्या बाजारात हे थोडं नाही.

नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो आकडा. आकडा लहान तेवढा गर थोराड. घरच्या काट्यावर 100 ग्रॅम घालून मोजा: 180 नंबरचे चाळिसाच्या आत, 240 चे पन्नासच्या आसपास, 320 चे 66 ते 70. ‘240’ म्हणून घेतलेले साठाच्या वर गेले तर त्यात 320 घुसवलेत, वाद नको. या धंद्यातली हाव इथेच लपते. पिशवीच्या तोंडाशी टपोरे, पोटात बारके, तळाला पाकळ्या. इथल्या पाकिटात तळापर्यंत एकच माल.

गोव्यातल्या कारखान्यांत आफ्रिकेहून आलेली कच्ची बीही फोडतात. त्यात गैर काही नाही, पण ती गावठी म्हणून विकणं गैर. इथे दोन्ही बरण्या वेगळ्या आहेत, भावही वेगळे.

काजूकतली करायची किंवा वाटण लावायचं म्हटलं, तर मालक स्वतःच पाकळी पुढे करतात. दळल्यावर कोण बघतंय अख्खा होता की तुकडा! बिलाखाली ‘लोभ असावा’ असं छापलंय. पत्राच्या शेवटी लिहितात तो लोभ हा. स्वस्तातला माल सुचवणाऱ्याच्या बिलावर तो शोभून दिसतो.

खारे काजू इथेही घेऊ नका. मिठाखाली जुना वास दबतो, साधे घेऊन घरी मीठ लावलेलं बरं. सालीसकट भाजलेले मात्र जरूर घ्या. साल चिमटीत सुटायला हवी. काळी पडून गराला चिकटली असेल तर आच जास्त लागली, कडू लागणार.

पावसाळ्यात सुट्टे नकोत. बरणी दिवसभर उघडझाप होते, गर दमट होऊन चिवट पडतात. ताजा गर कट्टकन मोडतो. नुसता नरम पडलेला असेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतून पूर्ण गार करा, पुन्हा कुरकुरीत होतो. खवट झालेल्याला मात्र इलाज नाही.

खोट एकच, 100 ग्रॅमची पाकिटं महाग पडतात. पाकिटावर ग्रॅममागचा भाव छापलेला असतो, तो अर्ध्या किलोच्या पाकिटाशी ताडून बघा. ओले काजूगर इथे मिळत नाहीत. ते मार्च-एप्रिलात बाजारात बसणाऱ्या बायकांकडे, शेकड्यावर. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली. शुक्रवारी बाजाराची गर्दी, नीट पारखून घ्यायचं तर तो दिवस टाळा.