कॉलेजच्या पैशांचे ‘सल्लागार’ आणि फॅफ्सावरचं एक खोटं उत्तर

अमेरिकेत एच-१बीवर आलेल्या मराठी घरांत मूल अकरावी-बारावीला पोचलं की कॉलेजच्या खर्चाची बोलणी सुरू होतात. नेमक्या त्याच सुमारास व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कॉलेज फंडिंग कन्सल्टंट’ची जाहिरात येते. बोलणारा बहुधा आपल्यातलाच असतो, ओळखीतून आलेला, आणि पहिला सेमिनार फुकट असतो. पुढे काय घडतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण या फसवणुकीत जाणारी फी हा सगळ्यात लहान तोटा आहे.

सेमिनारमध्ये सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या असतात. फॅफ्सा हा केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज आहे आणि पेल ग्रँट, म्हणजे परत न करावी लागणारी सरकारी मदत, वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत मिळू शकते, हे खरंच आहे. न सांगितलेली गोष्ट ही, की फॅफ्सा भरायला एक पैसाही लागत नाही. तो स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर घरबसल्या भरता येतो. ‘फॉर्म भरून देण्याची’ फी मागणारा माणूस फुकटची वस्तू विकत असतो, आणि अर्ज फुकट आहे हे ग्राहकाला सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

दुसरी न सांगितलेली गोष्ट जास्त महत्त्वाची. एच-४वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्या पालकावर अवलंबून असल्याच्या व्हिसावरच्या, मुलाला केंद्र सरकारची मदत मिळतच नाही. पेल नाही, सरकारी कर्ज नाही, वर्क-स्टडी (शिकता शिकता सरकारी मदतीतलं काम) नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि डाका (लहानपणी आणलेल्या, कागदपत्रांविना असलेल्यांना मिळालेलं तात्पुरतं संरक्षण) यांवरच्या विद्यार्थ्यांनाही नाही. ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मंजूर झालेले आणि आणखी काही ठरावीक गट पात्र असतात. ‘अर्ज टाकून तर बघू’ हे इथं चालत नाही, कारण त्या अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सहीखाली दिलेलं असतं.

त्या प्रश्नाला तीन पर्याय असतात: अमेरिकन नागरिक, पात्र बिगर-नागरिक, आणि दोन्हीपैकी काहीच नाही. एच-४च्या मुलाचं खरं उत्तर तिसरं. ते दिलं की केंद्राची मदत शून्य, आणि मग सल्लागाराला फी कशाची? म्हणून तो पहिला किंवा दुसरा पर्याय निवडतो. आईवडिलांना ते पान दिसतही नाही, कारण लॉगिन त्याच्याकडे असतं.

एच-४वरच्या मुलाला एरवी सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही आणि त्याशिवाय त्याचा ऑनलाइन फॅफ्सा पुढे सरकत नाही. पण ज्या घराचा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, दाखल होऊन पडून आहे, तिथं मुलाला कामाचं कार्ड मिळतं, त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, आणि ‘ए’नं सुरू होणारा इमिग्रेशन नंबरही असतो. धोका या घरांना सगळ्यात जास्त. सल्लागार म्हणतो, “नंबर आहे ना, मग चालतं.” चालत नाही. पडून असलेला आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे, आणि कामाचं कार्ड म्हणजे शैक्षणिक मदतीची पात्रता नव्हे.

अर्ज गेल्यावर दिलेलं उत्तर सोशल सिक्युरिटी आणि होमलँड सिक्युरिटीच्या नोंदींशी ताडून पाहिलं जातं. जुळलं नाही की फॅफ्सा सबमिशन समरीत, म्हणजे अर्जाच्या गोषवाऱ्यात, तसा शेरा येतो आणि कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस कागद मागतं. आईवडिलांना बहुतेक वेळा तेव्हाच कळतं. तोवर सल्लागाराचा फोन लागेनासा झालेला असतो, किंवा तो म्हणतो, “कॉलेजची चूक आहे, मी बघतो.”

मुद्दाम खोटी माहिती देऊन मदत मिळवली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, असं फॅफ्सावरच छापलेलं असतं. इमिग्रेशन कायद्यातला परिणाम त्याहून कठोर आहे. ३० सप्टेंबर १९९६ पासून, केंद्राचा किंवा राज्याचा कोणताही लाभ मिळवण्यासाठी आपण अमेरिकन नागरिक आहोत असा खोटा दावा करणारा माणूस कायमचा अपात्र ठरतो. ग्रीन कार्डच्या वेळी यावर माफीची वाट जवळजवळ नाही. अर्ज दुसऱ्यानं भरला, आम्हाला ठाऊक नव्हतं, ही बाजू मांडता येते, पण ती टिकेलच याचा भरवसा नाही. दहा-बारा वर्षं रांगेत काढलेल्या घरातल्या मुलाचं ग्रीन कार्ड एका चौकोनापायी अडकू शकतं. सल्लागाराला निव्वळ फीपायी हा धोका दुसऱ्याच्या लेकरावर टाकावासा वाटतो, याचा संताप येतो.

दुसरा पर्याय खोटा निवडला असेल तर तो नागरिकत्वाचा दावा नव्हे, त्याची गंभीरता वेगळी. पण ते विधानही खोटंच आहे आणि नोंदीत राहतं.

आता याच फसवणुकीची उलटी बाजू. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे. आईवडील एच-१बीवर असोत, कुठल्याही व्हिसावर असोत किंवा कागदपत्रांविना असोत, मुलाचा हक्क पुरता आहे. अशा घरांना ‘व्हिसावरच्या पालकांसाठी स्पेशल प्रोसेसिंग’ अशी जादा फी लावतात. असं काही प्रोसेसिंग अस्तित्वात नाही. आईवडिलांच्या इमिग्रेशन दर्जाचा प्रश्न फॅफ्सा विचारत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही २०२४-२५ च्या फॉर्मपासून स्वतःचं स्टुडंटएड खातं उघडता येतं. सुरुवातीला त्यात तांत्रिक अडथळे खूप होते, आणि त्या गोंधळात अनेक घरं पैसे घेणाऱ्यांच्या दारात गेली. घरात कुणी कागदपत्रांविना असेल तर मात्र माहिती कुठं द्यायची हा विचार वकिलाशी बोलूनच करावा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांत राज्याच्या मदतीसाठी वेगळे अर्ज आहेत. टेक्सासमध्ये २००१ पासून कागदपत्रांविना असलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातल्या रहिवाशांच्या दरानं फी भरता येत होती. तो कायदा जून २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशानं थांबला. टेक्सासबद्दल जुनी माहिती विकणारे अजून फिरताहेत.

विद्यार्थ्याचं आणि प्रत्येक पालकाचं खातं वेगळं असतं, आणि आयआरएस या कर खात्याकडून कराची माहिती थेट यायला प्रत्येकानं स्वतः संमती द्यायची असते. या खात्याचा पासवर्ड म्हणजे सही आहे. तो दुसऱ्याला देणं नियमातच बसत नाही. सोबत बसून मदत करणारा चालतो. पण “तुमचा पासवर्ड पाठवा, बाकी मी करतो” म्हटलं की तिथंच थांबावं.

काही सल्लागार फॉर्मची फी घेतच नाहीत. त्यांचा धंदा विम्याचा असतो. बचत खात्यातले पैसे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीत (बाजाराच्या निर्देशांकाला जोडलेला आयुर्विमा) किंवा ॲन्युइटीत टाका, फॅफ्सा ते मोजत नाही, मदत वाढेल, असं ते सांगतात. पॉलिसीतली रक्कम फॅफ्सा मोजत नाही हे खरं. पण हिशेब करून बघा. पालकांच्या बचतीचा फार तर ५.६४ टक्के भाग कुटुंबाच्या अपेक्षित वाट्यात, म्हणजे स्टुडंट एड इंडेक्समध्ये धरला जातो. ५०,००० डॉलर विम्यात टाकले तर आकडा कमी होणार जास्तीत जास्त २,८२० नं. दोघं कमावत्या घरात उत्पन्नामुळेच इंडेक्स इतका वर असतो की पेल तशीही मिळत नाही. दरम्यान पॉलिसीला सरेंडर चार्ज, म्हणजे मुदतीआधी पैसे काढल्याचा दंड, असतो, अनेकदा दहा-दहा वर्षांचा, आणि तिसऱ्या वर्षी फी भरायला पैसे काढायचे म्हटले की मूळ रकमेलाच कात्री लागते. एच-४च्या मुलासाठी तर केंद्राची मदतच नसल्यानं तो मुद्दाच उरत नाही.

मग एच-४च्या मुलाला मिळतं काय? कॉलेजची स्वतःची मदत. हार्वर्ड, येल, एमआयटी यांसारख्या काही संस्था प्रवेश देताना आर्थिक परिस्थिती बघत नाहीत आणि नागरिकत्व न पाहता गरजेइतकी मदत देतात. क्वेस्टब्रिज या संस्थेची नॅशनल कॉलेज मॅच योजना कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे आणि अमेरिकेत हायस्कूलला असलेल्या विद्यार्थ्याला नागरिकत्वाची अट न लावता खुली आहे. बऱ्याच खासगी कॉलेजांना फॅफ्साऐवजी किंवा फॅफ्साबरोबर कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक मदतीचा अर्ज लागतो. याला मात्र खरी फी आहे: पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्याच्या घरचं उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असेल तर तीही माफ. यापलीकडे ‘प्रोसेसिंग’ म्हणून कुणी शेकडो डॉलर मागितले तर ते त्याच्या खिशात चाललेत.

हमखास स्कॉलरशिपबद्दल थोडक्यात: “तुमची निवड झाली आहे, जागा राखायला कार्ड नंबर द्या” म्हणणारी संस्था स्कॉलरशिप देत नाही. तसाच ‘फेडरल स्टुडंट टॅक्स’. फोनवरून हा कर मागतात, न भरल्यास अटक होईल म्हणतात. असा करच नाही.

वयाच्या एकविसाव्या वर्षी एच-४ संपतं, आणि इथं फसवणूक करणाऱ्यांना दुसरी संधी मिळते. एफ-१वर जायचं तर कॉलेजचा आय-२० (प्रवेशाचा दाखला) लागतो, व्हिसाचा दर्जा बदलायच्या आय-५३९ अर्जाची फी कागदावर ४७० आणि ऑनलाइन ४२० डॉलर, शिवाय सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी. ही सेव्हिस फी एफएमजेफी डॉट कॉम (fmjfee.com) या अधिकृत साइटवरच भरायची, तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइटवर नाही. ग्रीन कार्डचा अर्ज पडून असताना एफ-१ मागणं गुंतागुंतीचं आहे आणि मुलाचं कायद्यातलं वय सीएसपीए या मुलांच्या वयाबद्दलच्या इमिग्रेशन कायद्यानं वेगळं मोजलं जातं. हे फक्त वकील किंवा न्याय खात्यानं मान्यता दिलेला प्रतिनिधी सांगू शकतो. वकिलाचं नाव राज्याच्या बारच्या (वकिलांच्या नोंदणी संस्थेच्या) साइटवर तपासावं. अमेरिकेतला नोटरी वकील असतोच असं नाही.

एफ-१ झालं की बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या विद्यार्थ्याच्या दरानं फी पडते, आणि तिथं सवलतीचं आमिष येतं. पुण्या-मुंबईहून थेट शिकायला गेलेली मुलंही यातच सापडतात. मध्यस्थ म्हणतो, “तुमची फी मी भरतो, मला पाच ते दहा टक्के कमी द्या, रुपयांत दिलेत तरी चालेल.” कॉलेजच्या पोर्टलवर दोन दिवसांत ‘पेड’ दिसतं. विश्वास बसतो, पैसे दिले जातात. ती फी चोरलेल्या कार्डावरून भरलेली असते. खऱ्या कार्डधारकानं काही आठवड्यांनी तक्रार केली की बँक रक्कम परत खेचते आणि विद्यार्थ्याच्या खात्यावर पूर्ण फी पुन्हा उभी राहते, वर उशिराचा दंड. नोंदणी रद्द झाली तर एफ-१चा दर्जाही जातो. शिवाय रुपयांत मध्यस्थाला पैसे देणं म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याबाहेरचा व्यवहार, त्यामुळे घरच्यांना तक्रार करायचीही भीती वाटते. भारतातून फी पाठवायची तर बँकेतून, एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, ए-२ फॉर्म भरून, आणि फ्लायवायरसारखी फी भरण्याची सेवा वापरायची तर कॉलेजच्या पोर्टलमधल्या दुव्यावरूनच. हप्ते हवे असतील तर बहुतेक कॉलेजं स्वतःच महिन्याचे हप्ते करून देतात.

फॅफ्सावर खोटं उत्तर गेलं आहे असं कळलं तर त्याच आठवड्यात इमिग्रेशन वकील गाठा, दुरुस्ती त्याच्या सल्ल्यानं करा. सरकारनं पकडण्याआधी, स्वतःहून आणि लगेच मागे घेतलेलं विधान वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं, म्हणून इथं प्रत्येक दिवस मोलाचा आहे. अर्ज जसा गेला तसा डाउनलोड करून ठेवा, सल्लागाराचे मेसेज, पावत्या, सेमिनारचं पत्रक जपा. खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला ईमेल व फोन नंबर तपासा, कारण अनेकदा तिथं सल्लागारानं स्वतःचाच नंबर घातलेला असतो. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे घरातल्या सगळ्यांचं क्रेडिट फ्रीज करा, म्हणजे तुमच्या नावानं नवं कर्ज कुणाला काढता येत नाही, ते फुकट आहे. आयआरएसकडून आयपी पिन (ओळख पटवणारा क्रमांक) घ्या, म्हणजे तुमच्या नावानं दुसरा कुणी कर-विवरण भरू शकणार नाही. पैसे क्रेडिट कार्डानं दिले असतील तर बँकेकडे हरकत नोंदवा. झेल या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेनं स्वतः पाठवलेले पैसे सहसा परत येत नाहीत. तक्रार शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे, एफटीसी या केंद्राच्या ग्राहक संरक्षण संस्थेकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, आणि पैसे भारतातून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर, शक्यतो पहिल्या काही तासांत.