बेळगाव ते लंडन, 9 तास 57 मिनिटे

दोन शहरांची नावे भरली की त्यांच्यामधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे एक विनामूल्य संकेतस्थळ आहे. लेकीकडे लंडनला जाण्याचा बेत मी त्याच्याच भरवशावर आखला होता, म्हणून परतल्यावर त्याविषयी लिहीत आहे.

सुरुवातच अडखळत झाली. 'बेळगावी' लिहून शहर सापडेना, 'बेलगाम' हे जुने इंग्रजी नाव दिल्यावर लगेच सापडले. अधिकृत नाव 2014 साली बदलले असले, तरी नावाचा घोळ आम्हा सीमाभागातल्यांना नवा नाही.

अंतराबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. बेळगाव ते लंडन सुमारे 7,605 किमी हा आकडा पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाचा असून, सांबरा आणि हीथ्रो विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी स्वतः केलेल्या गणिताशी तो जुळला. पडद्यावरील रेषा वाकडी दिसते, परंतु शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास तीच सरळ असल्याचे कळते.

वेळेचा हिशेब मात्र फारच ढोबळ आहे. ताशी 805 किमी वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, एवढ्यावर 9 तास 57 मिनिटे हे उत्तर येते, आणि जाताना व येताना ते एकच असते. वास्तविक उंचावरील वाऱ्याचा वेगवान झोत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे लंडनला जाताना तो समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. शिवाय रशियाचे आकाश 2022 पासून ब्रिटिश विमानांना आणि पाकिस्तानचे आकाश एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना बंद झाले, अशा गोष्टींची या गणिताला दखलच नाही.

सर्वांत मोठी उणीव याहून साधी आहे. सांबऱ्याहून लंडनला थेट विमानच नाही, आणि संकेतस्थळ ते कुठेही सांगत नाही. आम्हाला आधी आग्नेयेला 445 किमी बेंगळूरला जावे लागले आणि तेथून 8,045 किमी लंडनला, म्हणजे जवळजवळ 900 किमी अधिक. गंमत अशी की बेंगळूर-लंडन ही जवळची रेषा काढली, तर ती रामदुर्गच्या आसपासून, म्हणजे आमच्याच जिल्ह्यावरून जाते.

सकाळी सहाला घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत आम्हाला 22 तास लागले. संकेतस्थळाचा आकडा मी गावी आईला सांगून ठेवला होता, त्यामुळे दुपारी चारपासून ती फोनजवळ बसून होती. त्या वेळी आमचे विमान बेंगळूरहून नुकतेच उडाले होते आणि बहुधा रामदुर्गच्याच आकाशात होते.