मुलींच्या शिक्षणासाठी नेपाळमध्ये इंटर्नशिप, सात आठवडे : पाचपैकी साडेतीन

मी साताऱ्याची. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला असताना गेले होते, २०२४ चा नोव्हेंबर संपता संपता ते २०२५ च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत. चितवन जिल्हा, भरतपूरपासून बसनं तासाभरावरचं गाव, तिथली एक संस्था गरीब घरातल्या मुलींना होस्टेल, ड्रेस, वह्या आणि संध्याकाळची शिकवणी देते. मुली शिकतात गावच्या सरकारी शाळेत. संस्थेचं आणि गावाचं नाव टाकत नाही कारण खाली मुलींबद्दल लिहिलंय.

आधी पैशाचं सांगते कारण साडेतीन तिथंच झालेत. मी एका एजन्सीमार्फत गेले, त्यांनी ३८ हजार घेतले, राहणं जेवण ओरिएंटेशन सगळं धरून. तिथं गेल्यावर हिशोब बघणाऱ्या दादांना सहज विचारलं तर संस्थेकडं माझ्या नावावर ९ हजार आलेले. ओरिएंटेशन म्हणजे एक पीडीएफ. मला फार वाईट वाटलं, कारण आईनं त्यातले निम्मे पैसे भिशीतनं उचलून दिले होते. खरं म्हणजे नेपाळला जायला आपल्याला व्हिसाच लागत नाही, १९५० च्या करारापासून ये-जा मोकळी आहे, पासपोर्ट नसला तर मतदान कार्ड चालतं. पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथनं सुनौली बॉर्डर, पुढं बुटवलवरून बस. एजन्सीनं यातलं काहीच केलं नाही, तिकिटं माझी मीच काढली. त्यामुळं जायचं असेल तर संस्थेला थेट मेल करा.

आता काम. जाहिरातीत टीचिंग लिहिलेलं आणि पहिला आठवडा मी इंग्रजीच शिकवलं. सातवीतल्या एका मुलीला मी विचारलं तुझं नाव काय, तर तिनं नाव सांगून पुढचे चार प्रश्न मी विचारायच्या आधीच त्यांची उत्तरं पण दिली, वय, गाव, आवडता रंग, मोठेपणी कोण होणार. दर दोन महिन्यांनी नवीन ताई येते आणि हेच विचारते. मी त्याच रात्री होस्टेलच्या दिदींना म्हणलं की मला दुसरं काहीतरी काम द्या.

दिदींनी हजेरीची रजिस्टरं दिली, तेही हाजिरीच म्हणतात. अक्षर देवनागरी, त्यामुळं पहिल्या दिवसापासून वाचता आलं, फक्त साल २०८१ बघून दचकायला होतं कारण तिथं विक्रम संवत चालतं आणि महिना आपल्या तारखांप्रमाणे बदलत नाही. मी पाच महिन्यांची हजेरी वहीत उतरवली. आठवी ते दहावीच्या सात मुली अशा निघाल्या की दर महिन्याला सलग तीन-चार दिवस गैरहजर, परत पंचवीस-सव्वीस दिवसांनी तसंच. दिदींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, शाळेच्या संडासाला कडी नाही. आतून दार धरून बसावं लागतं नाहीतर मैत्रिणीला बाहेर उभं करायचं. पाळीच्या दिवसात कोण जाईल मग.

कडी, स्क्रू आणि एक झाकणाची बादली आणली. कडी नेपाळी १५० रुपयांची, म्हणजे आपले ९४. हेडसर चांगले होते पण शिपाई उद्या उद्या करत आठ दिवस गेले, शेवटी दिदी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन गेल्या आणि मी दार उचलून धरलं कारण ते बिजागरीतनं खाली आलेलं. मी असेपर्यंत सातातल्या चारजणींचे खाडे थांबले. तिघींचे नाही थांबले, त्यातल्या दोघी लहान भावंडं सांभाळायला घरी जात होत्या आणि तिसरीचं लग्न ठरवायचं चाललेलं. नेपाळात कायद्यानं लग्नाचं वय २० आहे आणि ती १५ ची. दिदी तिच्या घरी पाच वेळा गेल्या, मी तीनदा बरोबर होते. दिदी कायद्याचं नाव एकदाच काढायच्या, बाकी सगळा वेळ आईशी म्हशीबद्दल, भाताबद्दल बोलायच्या. मी निघेपर्यंत ती शाळेत येत होती.

या एका दिदींसाठी मी पाचपैकी पाच देईन. परदेशातल्या देणगीदारांना मुलींचे फोटो पाठवायचे असतात, ते काम माझ्याकडं होतं. एक मुलगी म्हणाली घरासमोर नको, कालोपाटीपाशी काढा. कालोपाटी म्हणजे फळा. तिनं त्यावर स्वतः सोडवलेलं गणित ठेवलं आणि शेजारी उभी राहिली. मुख्य ऑफिसातनं मेल आला की घर दिसेल असा फोटो पाठवा. दिदींनी तोच फोटो परत पाठवला आणि खाली लिहिलं की हिला हाच आवडलाय.

३ जानेवारीला होस्टेलवर मी सावित्रीबाईंबद्दल बोलले. १८३१ साली आमच्या जिल्ह्यात नायगावला जन्मल्या, मुलींना शिकवायला निघाल्या की अंगावर शेण टाकायचे म्हणून जादा लुगडं बरोबर न्यायच्या, हे मोडक्यातोडक्या नेपाळीत सांगितलं. खूप शांत ऐकलं सगळ्यांनी. मग एकीनं विचारलं, शाळेत लुगडं बदलायला खोली होती का? मला उत्तर आलं नाही. नायगाव आमच्यापासून एवढं जवळ आणि आम्ही जयंतीला भाषणं ऐकत मोठे झालो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बाकी जेवण दोन्ही वेळा डाळभात, भरपूर आणि चांगलं. पुसात, म्हणजे पौषात, धुक्यानं सकाळी काही दिसत नाही, आपल्याकडचा स्वेटर पुरत नाही. मी होते तेव्हा शनिवारी सुट्टी, रविवारी शाळा. नेटवर्क ठीक.

थेट लिहिताना दोन गोष्टी नक्की विचारा, मुलींच्या घरी जाणारं माणूस गावातलं आहे का आणि तुम्हाला त्यांच्या हाताखाली काम मिळेल का. दोन्हीला हो असेल तर जा, कमीत कमी दोन महिने जा. मी पुढच्या वर्षी परत चाललेय, यावेळी माझी मी. फक्त चैत्रात जाणार नाही, तेव्हा दहावीच्या मुलींची एसईई, म्हणजे तिथली बोर्डाची परीक्षा असते आणि त्या दिवसात होस्टेलवर नवीन माणूस नको.