वडिलांची क्वाड टूची जोडी विकताना: एका विक्रीसेवेचा अनुभव

वडिलांच्या पश्चात आमच्याकडे आलेली क्वाड टू या, व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची जोडी आम्ही, संग्राहकांना जुनी ध्वनियंत्रे कमिशनवर विकून देणाऱ्या एका सेवेकडे सोपवली. १९५३ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र केटी ६६ जातीच्या दोन व्हॉल्व्हवर १५ वॅट देते. मूळ व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत असल्यास त्याचे मोल वाढते, हे आम्हाला तेथे समजले.

सर्वांत भावली ती तंत्रज्ञाची सबुरी. अनेक वर्षे बंद असलेले यंत्र थेट विजेला जोडल्यास जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) निकामी होऊन ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो, म्हणून त्यांनी आधी प्रत्येक व्हॉल्व्ह टेस्टरवर तपासला आणि मगच व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवले. (यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार राहू शकतो, माहिती नसताना ते उघडू नये.)

जाहिरातीत मात्र पूर्वी बदललेल्या एका कपॅसिटरचा उल्लेख राहिला होता. तो आम्हाला आग्रहाने घालून घ्यावा लागला. हिशेबही उशिरा मिळाला. पाठवणीपूर्वी व्हॉल्व्ह काढून वेगळे बांधले होते, आणि जोडी न मोडता एकाच संग्राहकाकडे गेली, याचे आम्हाला फार समाधान आहे.