जाणं-येणं एका तिकिटावर की दोन? तीन सुट्ट्यांनंतर

आमच्या घरात विमानाची तिकिटं काढणं हे माझ्याकडे आलेलं खातं. प्रवासी पाच: मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची थोरली आणि धाकटा, ज्याचं वय या हिशेबात फार महत्त्वाचं ठरलं. गेल्या चौदा महिन्यांत आम्ही तीन परदेशी सुट्ट्या केल्या आणि तिन्ही वेळा तिकिटं वेगळ्या पद्धतीने काढली. पहिल्यांदा सरळ राउंड ट्रिप. दुसऱ्यांदा दोन वन-वे, दोन वेगळ्या कंपन्यांची. तिसऱ्यांदा एकच तिकीट, पण उतरायचं एका शहरात आणि परत निघायचं दुसऱ्याच शहरातून. "कुठलं स्वस्त पडतं?" असं आता कोणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न करते: परतीची तारीख बदलायची शक्यता किती, आणि कोणाची?

पहिल्या सुट्टीला मी फारसा विचारच केला नाही. लांबचा प्रवास होता, मध्ये एक विमान बदलायचं होतं, आणि जुन्या वळणाच्या मोठ्या कंपन्यांमध्ये नुसतं जाण्याचं तिकीट जवळजवळ जाण्या-येण्याच्या तिकिटाइतकंच दाखवत होतं. एका कंपनीचं तर चक्क जास्त. संगणक चुकला असं वाटून मी तीनदा पान उघडून पाहिलं. तो चुकला नव्हता. या कंपन्या पूर्वीपासून असं धरून चालतात की सुट्टीवर जाणारा माणूस परतीची तारीख ठरवून येतो आणि पैशाकडे बघतो. एकेरी तिकीट घेणारा बहुधा कामासाठी निघालेला असतो, त्याचे पैसे ऑफिस भरतं, तो भाव बघत नाही. स्वस्त राउंड ट्रिपला 'मधली शनिवारची रात्र तिकडे काढलीच पाहिजे' अशी अट असायची, तीही याच दोघांना वेगळं काढण्यासाठी. कमी खर्चाच्या कंपन्यांनी ही रीत मोडली. त्या प्रत्येक फेरीचा भाव स्वतंत्र लावतात आणि राउंड ट्रिप म्हणजे तिथे निव्वळ दोन आकड्यांची बेरीज. त्यामुळे जवळच्या प्रवासाला हा प्रश्न बऱ्याचदा उरतच नाही. लांबच्या प्रवासाला मात्र दोन्ही प्रकारे शोधून पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये, एवढं मी त्याच रात्री शिकले.

त्या पहिल्या तिकिटाने दोन गोष्टी दाखवल्या, एक चांगली आणि एक त्रासाची.

चांगली अशी. निघायच्या सात आठवडे आधी कंपनीने पहिल्या विमानाची वेळ पुढे ढकलली आणि पुढचं विमान आता मिळणार नाही अशी अवस्था झाली. फोन केला, अर्धा तास संगीत ऐकलं. पण त्यानंतर त्या मुलीने पाचही जणांना दुसऱ्या दिवशीच्या विमानांवर बसवलं आणि स्वतःहून विचारलं, "मॅडम, परतीची तारीखही एक दिवस पुढे नेऊ का?" एक पैसा न घेता. घोटाळा त्यांनी केला होता आणि येणं-जाणं एकाच तिकिटावर होतं, म्हणून दोन्ही टोकं त्यांच्याच हातात होती. तेव्हा याचं मोल कळलं नाही. पुढच्या सुट्टीत कळलं.

त्रासाची गोष्ट अशी की आम्ही चाललो होतो ते माझ्या नणंदेच्या गावी. परतीला चार दिवस उरले असताना सासूबाईंनी जाहीर केलं, "मी अजून तीन आठवडे राहते." पाच जण एका पीएनआरवर. त्यांचा पीएनआर आधी वेगळा करावा लागतो, त्याला 'स्प्लिट' म्हणतात, आणि मग तारीख बदलायची. बदलाचं शुल्क वेगळं, भाड्यातला फरक वेगळा. फरकच शुल्कापेक्षा मोठा निघाला, कारण नव्या तारखेला स्वस्त भाड्याच्या वर्गातल्या जागा संपलेल्या होत्या (एकाच केबिनमधल्या सारख्याच सीटही कंपन्या वेगवेगळ्या भावांच्या वर्गांत विकतात). स्प्लिट करताना एक काळजी घ्या: बाकीच्यांच्या राखीव सीट आणि जेवणाची नोंद तशीच आहे ना, ते लगेच तपासा. थोरलीची सीट आमच्यापासून अकरा रांगा लांब गेली होती. विमानतळावर हातापाया पडून ती परत मिळवली.

"म्हणूनच सांगत होतो, येताना-जाताना वेगवेगळी काढ," असं नवरा म्हणाला. त्याने असं काहीही सांगितलेलं नव्हतं, पण दुसऱ्या सुट्टीला मी दोन वन-वे काढले.

त्याला खरं कारण धाकटा होता. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवून नेता येतं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक मोठ्या कंपन्या त्याचं मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण 10 टक्के घेतात. पण ज्या दिवशी मूल दोन वर्षांचं होतं त्या दिवसापासून त्याला स्वतःची सीट लागते. धाकट्याचा वाढदिवस बरोबर सुट्टीच्या मधोमध येत होता. राउंड ट्रिप एका तिकिटावर काढायला गेले तर दर कंपनीचं उत्तर वेगळं. कोणी म्हणे दोन्ही बाजूंना सीटच घ्या, कोणी म्हणे वेबसाइटवर होणार नाही, फोन करा. दोन एकेरी तिकिटांत प्रश्न आपोआप मिटला: जाताना बाळ, येताना प्रवासी. ज्यांच्या घरी या वयाचं मूल आहे त्यांना मी आजही हेच सांगेन.

भावातही फायदा झाला. परतीचं एकेरी तिकीट तिकडून निघणाऱ्या प्रवाशाचं असतं, म्हणून त्याला तिकडचा हंगाम लागतो. आमची सुट्ट्यांची गर्दी तेव्हा त्यांची नव्हती. सगळं मिळून भाड्याचा जवळजवळ सहावा हिस्सा वाचला.

शोधताना आणखी एक कळलं, ते कुठल्याही प्रकारच्या तिकिटाला लागू आहे. पाच जणांसाठी शोधलं आणि सर्वात स्वस्त वर्गात चारच जागा उरल्या असतील, तर पद्धत अशी की पाचही जणांना वरच्या वर्गाचा भाव लागतो. चार अधिक एक असं वेगळं शोधून पाहा. मात्र पीएनआर दोन झाले की गडबडीच्या वेळी कंपनीच्या लेखी तुम्ही एक कुटुंब उरत नाही. त्यामुळे मुलं आणि त्यांच्यासोबतचं मोठं माणूस एकाच पीएनआरवर असलंच पाहिजे, आणि दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडल्याची नोंद कंपनीला फोन करून करून घ्या.

आता वाचलेल्या सहाव्या हिश्शाचं काय झालं ते सांगते.

जातानाच्या कंपनीत प्रत्येकी 23 किलोची एक बॅग भाड्यातच होती. येतानाच्या कंपनीत हातातली 7 किलोची पिशवी सोडली तर काहीच नव्हतं. पाच माणसांच्या बॅगा म्हणजे लहान रक्कम नाही, आणि त्या आधी ऑनलाइन घेतल्या म्हणून निभावलं. सीट निवडण्याचे पैसे पुन्हा वेगळे. नावं दहा वेळा टाइप केली आणि त्यात सासूबाईंच्या आडनावातलं एक अक्षर परतीच्या तिकिटावर चुकलं. ती चूक सुधारायला दोन ईमेल आणि एक शुल्क. वाचलेल्या पैशांतला निम्म्याहून थोडा कमी भाग उरला, म्हणजे तरीही फायदाच, पण 'सहावा हिस्सा' म्हणून मी नवऱ्यासमोर मिरवले होते तेवढा नाही.

मग चेक-इन काउंटर. "तुमचं परतीचं तिकीट?" आमच्या हातात त्या कंपनीचं फक्त जाण्याचं. पर्यटक म्हणून जाणाऱ्याकडे तिथून बाहेर पडण्याचं तिकीट असावं, अशी अनेक देशांची अट असते. कर्मचारी ती टिमॅटिक नावाच्या, आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या माहितीकोशात बघतात. तुम्हाला तिकडे प्रवेश नाकारला तर परत आणायची जबाबदारी त्याच कंपनीवर येते, म्हणून ते चौकशी करतात, आणि त्यात गैर काही नाही. परतीचं तिकीट ईमेलमध्ये होतं, ईमेल नवऱ्याच्या फोनमध्ये, फोन धाकट्याच्या हातात आणि बॅटरी अखेरच्या टप्प्यात. तेव्हापासून दुसऱ्या तिकिटाची छापील प्रत पासपोर्टच्या पाकिटात असते.

आणि शेवटी जे व्हायचं ते झालं. तांत्रिक बिघाडामुळे जाण्याचं विमान रद्द झालं आणि कंपनीने आम्हाला चोवीस तासांनंतर नेलं. हॉटेल दिलं, जेवण दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सहा रात्रींच्या सुट्टीतली एक गेली. मागच्या वेळच्या आठवणीने मी आशेने विचारलं, परतीचा एक दिवस पुढे ढकलता येईल का? "परतीचं तिकीट आमचं नाहीच, मॅडम." परतीच्या कंपनीच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं, त्यांचं विमान वेळेवर होतं. एक दिवस वाढवायचा तर शुल्क गुणिले पाच. आम्ही पाच रात्री राहून परत आलो.

एका बुकिंगचा फरक कायद्यातही दिसतो. युरोपीय संघाच्या 2004 सालच्या 261 क्रमांकाच्या नियमाखाली, जाणं-येणं एकाच बुकिंगमध्ये असेल आणि जाण्याचं विमान रद्द झालं, तर अख्ख्या तिकिटाचे पैसे परत मागता येतात. वेगवेगळी असतील तर फक्त रद्द झालेल्या तुकड्याचे. प्रवासच रद्द करायची पाळी आली तर दुसऱ्या तिकिटाचं नुकसान आपलं आपण सोसायचं.

इथे एक सावधगिरी. काही बुकिंग साइट 'राउंड ट्रिप' म्हणून जे विकतात ते आतून दोन वन-वे असतात. पैसे भरायच्या आधी पान खालपर्यंत वाचा, 'दोन स्वतंत्र तिकिटं' असा उल्लेख बारीक अक्षरांत असतो. पैसे भरल्यावर 13 आकडी तिकीट नंबर बघा. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. दोन्ही बाजूंना एकच नंबर असेल तर तिकीट एक. लांबच्या, चारपेक्षा जास्त टप्प्यांच्या प्रवासात मात्र एकाच तिकिटाला लागोपाठचे दोन नंबर मिळतात, तेव्हा घाबरू नका. नुसत्या सहा अक्षरी पीएनआरवर विसंबू नका, कारण दोन कंपन्या मिळून नेणार असतील तर एकाच तिकिटाला प्रत्येकीचा वेगळा पीएनआर असू शकतो.

तिसऱ्या वेळी मी 'मल्टी-सिटी' हा पर्याय वापरला. आधी तो कधी उघडलाच नव्हता, फिरतीवरच्या लोकांसाठी असेल असं वाटायचं. एका शहरात उतरायचं, जमिनीवरून दुसऱ्या शहरापर्यंत जायचं, तिथूनच घरी. भाव साध्या राउंड ट्रिपच्या आसपासच आला आणि पहिल्या शहरात परत येण्याचा अख्खा दिवस वाचला. दोन वन-वे घेऊन जे मोकळेपण मी विकत घ्यायला गेले होते, त्यातलं आम्हाला खरोखर लागणारं एवढंच होतं, आणि ते एका तिकिटात मिळालं.

एक जाच मात्र एकाच तिकिटाचा असा आहे की तो सांगायलाच हवा. नवरा कामानिमित्त आधीपासूनच आमच्या विमान बदलण्याच्या शहरात होता. त्याचं म्हणणं साधं: "मी तिथूनच चढतो, एक टप्पा सोडला तर कंपनीचं काय जातं?" मी सहज म्हणून फोन केला आणि बरं झालं. तिकिटातले टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे रद्द, परतीचासुद्धा. पूर्वी तिकिटाची वहीच असायची आणि प्रत्येक टप्प्याचं कुपन फाडून घ्यायचे. आयाटाच्या कंपन्यांनी कागदी तिकिटं 2008 च्या जूनपासून बंद केली, पण 'कुपन' हा शब्द आणि त्याचा क्रम संगणकात तसाच आहे. तिकीट बदलून घ्यायचं तर नव्या भावाने. तो भाव ऐकून नवरा आदल्या रात्री घरी आला, चार तास झोपला आणि पहाटे आमच्याबरोबर पुन्हा त्याच शहरात गेला. तिथे त्याला ऑफिसातला सहकारी भेटला, तो प्रसंग मी इथे लिहीत नाही.

हाच नियम रद्द करण्याच्या वेळीही आडवा येतो. जाण्याचा भाग वापरून झाला आणि परतीचा रद्द केला, तर निम्मे पैसे मिळत नाहीत. वापरलेल्या भागाला अनेकदा एकेरीचा भाव लावतात, आणि तो किती असतो ते वर आलंच आहे. उरतं ते कधी फक्त करांपुरतं.

विमान प्रवासावर जमणाऱ्या पॉइंट्सबद्दल थोडक्यात: ते तिकिटासाठी खर्चायचे असतील तर एका बाजूला पॉइंट्स, दुसऱ्या बाजूला पैसे असं दोन तिकिटांत करणं सोपं जातं. पाच जणांच्या जागा पॉइंट्सवर एकाच विमानात मिळणं हा वेगळा नशिबाचा भाग, आम्हाला एकदाही मिळाल्या नाहीत.

पुढच्या सुट्टीचं बुकिंग गेल्या आठवड्यात केलं. पुन्हा नणंदेकडे. आम्ही चौघं एका राउंड ट्रिपवर, एकाच पीएनआरवर. सासूबाईंना परतीची तारीख विचारली तर म्हणाल्या, "तू टाक गं कुठलीही." त्यांचं तिकीट त्याच विमानाचं काढलंय, पण वेगळ्या पीएनआरवर, शुल्क न देता तारीख बदलता येईल अशा महागड्या वर्गातलं. नवऱ्याने किंमत बघून भुवया उंचावल्या. मी त्याला मागच्या वेळच्या स्प्लिटची पावती दाखवली.