वरून लादलेला नियम की बोलून ठरवलेला?

घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी ‘रात्री दहानंतर मोबाइल बंद’ हा नियम दोन तऱ्हांनी लागू होतो: पालकांनी वरून लादून किंवा मुलांशी बोलून ठरवून.

लादलेला नियम झटपट लागू होतो. वाहन चालवताना दारू नाही, हेल्मेटशिवाय गाडी नाही, अशा जिवावर बेतणाऱ्या गोष्टींत तोच हवा. तिथे घासाघीस नकोच. पण तोच खाक्या कपडे, केस, मित्रमैत्रिणी यांना लावला की मुलं नियम पाळत नाहीत, लपवायला शिकतात. फोन दहाला बंद होतो आणि पांघरुणाखाली साडेदहाला पुन्हा उजळतो. सगळ्यात मोठा तोटा पुढे होतो: खरंच अडचणीत सापडलेलं मूल ओरडा बसेल म्हणून घरी फोनच करत नाही.

बोलून ठरवायला वेळ लागतो. आधी कारण सांगा: 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचं, तर दहाला झोपून जेमतेम 8 तास मिळतात. मग वेळ मुलालाच सुचवू द्या, चार्जर खोलीबाहेर ठेवा, नियम मोडल्यास काय होईल तेही आधीच ठरवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बसा. फसतं ते रोज नव्याने वाटाघाटी केल्यामुळे. ठरलेलं दोन आठवडे हलवू नये. परीक्षा, सहल यांची सूट आधीच बोलून घ्यावी.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात हाच फरक मांडला: नुसता धाक वेगळा, माया आणि कारणांसह शिस्त वेगळी. माझं मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. नियम थोडेच असावेत, पण ते पक्के असावेत.